छप्पर एकाचे, बिल दुसऱ्याचे

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
वरसे ग्रामपंचायत, ता. रोहा, जि. रायगड

विषय : छपरातून घरात शिरणारी उष्णता, त्यामुळे फुगणारी लाइट बिले आणि ग्रामपंचायतीने करावयाची कार्यवाही



एप्रिल-मेचे लाइट बिल हातात पडले की घरोघरी तिघांवर संशय घेतला जातो. मीटर जोरात पळतो, महावितरणने दर वाढवले, किंवा पोरे एसी बंद करायला विसरतात. तिन्ही गोष्टींत कमी-अधिक तथ्य असेल. पण बिल फुगवणारे चौथे कारण कोणाच्या बोलण्यात येत नाही, कारण ते मान वर केल्याशिवाय दिसत नाही. ते म्हणजे डोक्यावरचा उघडा स्लॅब किंवा पत्रा. दिवसभर त्याने घेतलेले ऊन संध्याकाळपासून घरात उतरू लागते. पाचवर फिरणारा पंखा आणि रात्रभर चालणारा एसी ही सगळी धावपळ बव्हंशी त्या उष्णतेला तोंड देण्यासाठी असते आणि तिचे पैसे महिन्याअखेर मोजावे लागतात. हे पत्र महावितरणला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, छप्पर कसे असावे हे जो ठरवतो तो सहसा त्या घराचे बिल भरत नाही. बिल्डर ठरवतो आणि फ्लॅट घेणारा भरतो. घरमालक ठरवतो आणि भाडेकरू भरतो. घरकुलाचा ठरीव खर्च छप्पर ठरवतो आणि लाभार्थी पुढची तीस वर्षे त्याखाली राहतो. या दोन्ही बाजूंशी रोजचा संबंध असलेली गावातली संस्था एकच आहे, ती म्हणजे ग्रामपंचायत.

रोहा शहराला खेटून असलेल्या वरसेसारख्या गावात हा प्रश्न इतर खेड्यांपेक्षा लवकर येतो. तालुक्याचे ठिकाण हाकेच्या अंतरावर, धाटावची औद्योगिक वसाहत जवळ, रेल्वे स्थानक जवळ. अशा जागी घरे वेगाने वाढतात आणि वाढणारी घरे स्लॅबचीच असतात. त्यात हवा आपल्याला साथ देत नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिरा येथे 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेव्हा त्या आकड्याची चर्चा देशभर झाली होती. तो आकडा अपवाद म्हणून सोडून दिला, तरी याच जिल्ह्यात खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली हे विसरता येत नाही. त्या दिवशी पारा विदर्भाइतका चढलेला नव्हता. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे कमी तापमानातही शरीर हार मानते हेच त्यातून दिसले. कोकणातला उन्हाळा असा असतो. देशावर रात्री हवा चांगलीच निवते आणि दिवसभर तापलेली भिंत पहाटेपर्यंत थंड होते. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांत फारसे अंतर पडत नाही, म्हणून दुपारी छपरात साठलेली उष्णता रात्री बाहेर जायला वावच कमी असतो.

स्लॅबमधून किती उष्णता येते, याचे गणित साध्या आकड्यांत मांडता येते. एप्रिलच्या दुपारी आडव्या छपरावर दर चौरस मीटरला साधारण 900 वॅट ऊन पडते. करड्या सिमेंटचा पृष्ठभाग त्यातले दोनतृतीयांश शोषतो. बाहेरची हवा 36 अंश असली, तर या उन्हामुळे स्लॅबच्या दृष्टीने बाहेर जणू 62 अंशांची हवा असते. पंधरा सेंटिमीटर जाडीचा उघडा स्लॅब दोन बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून तीन वॅटहून थोडी जास्त उष्णता जाऊ देतो. घरात 30 अंश धरले, तर दर चौरस मीटरला सुमारे 100 वॅट आत येतात. दहा बाय बाराची खोली साधारण 11 चौरस मीटरची असते. म्हणजे त्या खोलीच्या छताला एक चालू इस्त्री टांगून ठेवावी एवढी ही उष्णता झाली. काँक्रीट ही उष्णता लगेच सोडत नाही. आत यायला तिला चार-पाच तास लागतात, त्यात तिचा जोर थोडा बोथट होतो, पण ती लांबते. म्हणूनच वरच्या मजल्यावरच्या घरात दुपारी दोनपेक्षा रात्री नऊला जास्त उकडते. आपण एसी लावतो तोही नेमका त्याच वेळी.

आता याच स्लॅबवर पांढरा थर दिला, तर ऊन शोषण्याचे प्रमाण दोनतृतीयांशावरून तीस टक्क्यांच्या आसपास येते आणि तेच 100 वॅट 60 होतात. रंग न लावता स्लॅबवर किंवा स्लॅबखाली एक इंच जाडीची चांगली उष्णतारोधक शीट बसवली, तर ते 40 च्या खाली जातात. दोन्ही केले, तर 20 च्या आसपास. म्हणजे पाचातले चार हिस्से उष्णता घरात शिरण्याआधीच अडते. त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही, काही चालू-बंद करावे लागत नाही आणि पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीज गेली, तरी ते काम करतच राहते. आपल्याकडे गच्चीवर घालतात तो विटांच्या तुकड्यांचा कोबा या कामाला पुरेल असा अनेकांचा समज असतो. कोबा पाणी अडवतो, उष्णता मात्र फार तर एकतृतीयांश कमी करतो. त्यावर गर्द रंगाचे वॉटरप्रूफिंग लावले, तर तोही फायदा बराचसा निघून जातो. पत्र्याच्या घराची अवस्था स्लॅबहून बिकट, कारण पत्रा उष्णता थोपवतही नाही आणि लांबवतही नाही. ऊन आले की मिनिटांत ते खोलीत उतरते.

हे ज्ञान कोकणाला नवे नाही. जुन्या घरात कौलांखाली माळा असे. तापलेली कौले आणि राहती खोली यांच्यामध्ये हवेचा एक पूर्ण मजला मोकळा असे आणि गरम झालेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाई. माळ्यावर पेंढा किंवा वर्षाची बेगमी असेल, तर तीही उष्णता अडवी. पुढे पडवी, मागे पडवी, उतरती लांब पाखी, त्यामुळे भिंतीवर ऊन पडत नसे. कौलारू घराची आठवण काढून हळहळण्याचा माझा हेतू नाही. दरवर्षी कौले शाकारायला माणूस मिळत नाही, लाकूड परवडत नाही, माकडे कौले फोडतात आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातल्या हजारो घरांची छपरे उडवल्यावर लोक स्लॅबकडे वळले, तर ते शहाणपणच म्हणायला हवे. मात्र कौलारू घराकडून स्लॅबकडे येताना आपण पावसाचा आणि वाऱ्याचा बंदोबस्त तेवढा बरोबर आणला आणि माळ्याचे काम करणारे काहीही आणले नाही. ते काम मग विजेवर पडले.

विजेवर पडलेल्या या कामाची किंमत बिलाच्या रचनेमुळे आणखी वाढते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 31 मार्च 2023 च्या आदेशात 2024-25 या वर्षासाठी महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 युनिटांना 10 रुपये 29 पैसे आणि 301 ते 500 युनिटांना 14 रुपये 55 पैसे असा दर होता. त्यावर दर युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार आणि वर 16 टक्के वीज शुल्क. आकडे पुढच्या आदेशांनी बदलतात, पायऱ्यांची ही रचना कायम आहे. समजा, एखाद्या घराचा उन्हाळ्यातला महिन्याचा वापर 260 युनिट आहे. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. छत कमी तापल्यामुळे तो रोज दोन तास कमी चालला, तर महिन्याला 60 युनिट वाचतात. ही 60 युनिटे पहिल्या पायरीवरची नसतात, ती दुसऱ्या पायरीवरची असतात. वहन आकार आणि शुल्क धरून त्यांची किंमत जवळजवळ 800 रुपये होते. युनिटे 23 टक्क्यांनी घटली, तर त्यांवरचा खर्च 28 टक्क्यांनी घटतो. वापर 300 च्या वर असेल, तर फायदा याहून मोठा. थोडक्यात, उष्णतेमुळे वाढणारे युनिट हे बिलातले सर्वांत महाग युनिट असते, आणि छपरावर वाचते ते नेमके तेच.

एवढा उघड फायदा असेल, तर लोक आपण होऊन हे का करत नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारेल. त्याचे उत्तर लोकांच्या अडाणीपणात नाही, ते व्यवहाराच्या रचनेत आहे. इमारत बांधताना गच्चीवर एक इंचाची शीट घालण्याचा खर्च बिल्डरच्या खिशातून जातो आणि त्याची बचत वरच्या मजल्यावरच्या ग्राहकाला मिळते. फ्लॅट विकताना स्लॅबचे तापमान कोणी दाखवत नाही. ग्राहक लिफ्ट, पार्किंग, पाणी, टाइल्स पाहतो, आणि छपराची पोटातली रचना त्याला विचारायची सुचली, तरी कागदावर ती कुठे लिहिलेली नसते. भाड्याच्या घरात तर हे अधिक ठळक होते. कारखान्यात नोकरी करणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतो. वर्षभरात सोडायच्या घराच्या छपरावर तो खर्च कशाला करील? आणि ज्याचे बिल आपल्याला येत नाही, त्या घरावर मालक तरी कशाला करील? दोघेही आपापल्या जागी बरोबर वागतात आणि त्यातून चुकीचे छप्पर तयार होते. असे घडते तेव्हा बाजार आपोआप सुधारण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. सांडपाणी, रस्त्याची रुंदी, दोन घरांमधले अंतर या बाबतीत हेच घडत होते, म्हणून तिथे सार्वजनिक नियम आले. छपरातली उष्णता त्याच जातीचा प्रश्न आहे.

देशपातळीवर हे मान्य झालेले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छपराने एक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ देऊ नये, असा निकष आहे. उघड्या स्लॅबचा आकडा याच्या पावणेतीन पट भरतो. पुढे ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्या कायद्याच्या कक्षेत आल्या. पण ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. वरसेसारख्या गावातली दोन-तीन गुंठ्यांची, त्याहून लहान प्लॉटवरची घरे, चाळी आणि घरकुले तिच्या जाळ्यातून अलगद सुटतात. जिथे बिलाचा काच अधिक, तिथे नियम नाही. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि त्यात सरकारी इमारतींपासून सुरुवात बंधनकारक केली. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला. ही कामे सरकारच्या आणि महापालिकेच्या पातळीवर झाली, पण त्यातले प्रत्यक्ष काम चुना, ब्रश आणि दोन मजूर एवढेच होते. ते ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, खरा प्रश्न वीजदरांचा आहे आणि छपराच्या गोष्टी काढून दरवाढीवरून लक्ष उडवले जाते. दर जास्त आहेत हे खरे. आयोगापुढच्या सुनावण्यांत ग्राहकांनी आवाज उठवलाच पाहिजे. पण वरसे ग्रामपंचायत दर ठरवू शकत नाही, छपराविषयी मात्र काही करू शकते. शिवाय दर उद्या दहा टक्क्यांनी उतरले, तरी तापलेल्या घराचे बिल तापलेलेच राहील. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजकेंद्र 1927 पासून चालू आहे, त्यातून सुटणारे पाणी कुंडलिकेतून आपल्या अंगणापाशी वाहते. वीज इतक्या जवळ तयार होऊनही इथले बिल हलके झालेले नाही. घराचे बिल वीज कुठे तयार होते यावर ठरत नाही. दर आणि वापर यांचा तो गुणाकार असतो आणि गुणाकारातली दुसरी संख्या आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. घराला उष्णतारोधक थर देणे ही थंड मुलखातली पद्धत आहे, कोकणात खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळता ठेवणे हाच उपाय, असे ते म्हणतात. भिंतींच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. बंद पेटीसारखे घर करून त्यात दिवसभर एसी चालवणे आपल्या हवेत शहाणपणाचे नाही, आणि म्हणून भिंतींना जाड थर द्या असे मी सुचवत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि खिडकीवर पुरेसा रुंद सज्जा एवढे तिथे पुरते. छपराची गोष्ट वेगळी आहे. छपरातून वारा येत नाही, त्यातून येते ते फक्त ऊन, आणि ते अडवल्याने एकही खिडकी बंद करावी लागत नाही. उलट तापलेल्या छताखाली वारा घेऊनही बरे वाटत नाही, कारण शरीराला हवेच्या तापमानाइतकीच भोवतालच्या तापलेल्या पृष्ठभागांची धग जाणवते. छत थंड असेल, तर खिडकी आणि पंखा यांवर निभावून नेता येणारे दिवस वाढतात. एसी हवाच असेल, तर तो 24 ऐवजी 26 वर ठेवूनही झोप लागते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतोच.

तिसरा आक्षेप पावसाचा. पांढरा रंग लावा आणि तीन हजार मिलिमीटर पावसात तो शेवाळाने काळा होऊ द्या, असे कोणी खोचकपणे म्हणेल. शेवाळ धरते, यात शंका नाही. म्हणून चुन्याचा हात हे दरवर्षीचे काम समजावे आणि ते फाल्गुनात, उन्हाळा तापायच्या आत उरकावे. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणाऱ्या प्रांताला वर्षातून एकदा छपरावर चढणे नवे नाही. ज्यांना वर्षाचे काम नको, त्यांनी गच्ची दुरुस्त करताना पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी करावी, ती घासली की पुन्हा पांढरी होते. कोकणात गळतीच्या धाकाने गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत रुळली आहे. तिच्याकडे फक्त पावसापासूनचे संरक्षण म्हणून पाहिले जाते. वास्तविक बाजू मोकळ्या ठेवल्या आणि पत्रा फिक्या रंगाचा घेतला, तर ही शेड माळ्याचेच काम करते, कारण स्लॅबवर सावली राहते आणि मधली गरम हवा वाऱ्याने निघून जाते. बाजू बंद करून तिथे खोली काढली, की तो फायदा संपतो. वादळाची भीतीही रास्त आहे. म्हणून शेडचे खांब स्लॅबला नीट जखडलेले असले पाहिजेत आणि ज्याला ते परवडत नाही त्याने चुन्यावर समाधान मानावे, चुना वादळात उडत नाही.

चौथा आक्षेप सौर ऊर्जेचा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, मग छपराला रंग कशाला, पॅनेलच लावा, असे सांगितले जाते. पॅनेल जरूर लावावीत. उंच सांगाड्यावर बसवलेली पॅनेल खालच्या स्लॅबला सावलीही देतात, म्हणजे ती या पत्राच्या बाजूचीच आहेत. पण घराची गरज आधी कमी केली, तर तीन किलोवॉटच्या जागी दोन पुरतात आणि कर्जाचा हप्ता तेवढा उतरतो. शिवाय भाडेकरूला, फ्लॅटधारकाला, आणि गच्चीवर हक्क नसलेल्या प्रत्येकाला ही योजना सहज लागू होत नाही. एक किलोवॉट पॅनेलला साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सावलीविरहित जागा लागते आणि दाट झाडीच्या, दाटीवाटीच्या वस्तीत ती असतेच असे नाही.

पाचवा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या बिलासाठी ग्रामपंचायतीने का राबावे? गरिबाचे बिल तर शंभर युनिटांच्या आत असते. हे खरे आहे, आणि म्हणूनच छपराचा विचार एसी विकत न घेऊ शकणाऱ्यांपासून सुरू झाला पाहिजे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचे बिल कमी असते, कारण त्याची उष्णता विजेने निघत नाही, ती त्याच्या अंगावर निघते. त्याची किंमत झोप, मजुरीचे खाडे आणि लहान मुलांचे आजारपण या रूपाने चुकवली जाते. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी समाजासाठी पक्की घरे मंजूर होत आहेत, पंतप्रधान आवास योजनेतून 25 चौरस मीटरची घरकुले होत आहेत. इतक्या लहान घरात छप्पर हाच उष्णतेचा मुख्य दरवाजा असतो. तो आजच बंद केला, तर उद्या त्या घराला कूलर घेण्याची वेळ उशिरा येईल. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना छपराचा फायदा थेट मिळत नाही हेही खरे. त्यांच्यासाठी पंखा आणि गिझर हे दोन मार्ग आहेत. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला 48 युनिट वाचतात. पाण्याच्या बाबतीत तर उष्णता अडवण्याचे तेच तत्त्व उलट्या दिशेने लागू होते. पंधरा लिटरची बादली 25 अंशांवरून 42 अंशांवर आणायला 0.3 युनिट पुरते, म्हणजे चार माणसांच्या आंघोळीला सव्वा युनिट. गिझर त्याहून जास्त खातो ते उघड्या पाइपात आणि तासन् तास चालू ठेवलेल्या टाकीत निवत जाणाऱ्या पाण्यासाठी. थर्मोस्टॅट 50 अंशांवर ठेवणे, पाइपाला वेष्टन घालणे आणि आंघोळीपुरताच गिझर लावणे, या तिन्ही गोष्टी फुकट किंवा जवळजवळ फुकट आहेत.

शेवटचा आक्षेप आपल्याकडूनच येईल आणि तो अधिकाराचा असेल. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 ने बांधकामावर नियंत्रण दिले असले, तरी गावठाणाबाहेरच्या मोठ्या बांधकामांना परवानगी देणारे हात वेगळे आहेत, आणि ग्रामपंचायतीने इको निवास संहिता सक्तीची करावी अशी अपेक्षा धरणे वास्तवाला सोडून होईल. मी सक्ती मागत नाही आणि घरपट्टीत सवलतही मागत नाही, कारण पंचायतीचे उत्पन्न आधीच तोकडे आहे. मी मागतो आहे ते आपल्या हातात निःसंशय असलेले चार निर्णय.

एक, पंचायतीचे कार्यालय, अंगणवाड्या आणि पंचायतीच्या देखभालीतल्या इतर इमारती यांची छपरे या वर्षी मार्चपूर्वी पांढरी करावीत, जिल्हा परिषद शाळेसाठी तसे पत्र द्यावे आणि एका खोलीचे दुपारचे व रात्रीचे तापमान व इमारतीचे मासिक बिल, मागच्या वर्षीच्या बिलाशेजारी, फलकावर लावावे. माझे वरचे गणित बरोबर की चूक हे गावाला गावातच तपासता येईल आणि ‘माझी वसुंधरा’ अभियानात ऊर्जेच्या सदराखाली दाखवायला खरे कामही होईल. दोन, नव्या बांधकामासाठी पंचायतीकडे येणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत छपराचा तपशील, म्हणजे स्लॅबची जाडी, वरचा थर, उष्णतारोधक शीट आहे की नाही आणि रंग कोणता, एका पानावर लिहून घ्यावा आणि ते पान मागेल त्याला पाहायला मिळावे. यात कोणावरही बंदी नाही. मात्र फ्लॅट घेणाऱ्याला आणि खोली भाड्याने घेणाऱ्याला आजवर न मिळालेली माहिती मिळेल, आणि ती मिळाली की वर सांगितलेली व्यवहारातली गाठ सैल व्हायला लागेल. तीन, घरकुलांच्या बाबतीत लाभार्थ्याला हप्ता देताना पायापासून छपरापर्यंत पाहणी होतेच. त्यात छताला चुना किंवा पत्र्याखाली फॉइल शीट या बाबीची आठवण करून द्यावी आणि शक्य तिथे पंचायतीच्या निधीतून चुना द्यावा. पाचशे-साडेपाचशे चौरस फुटांच्या छपराला चुना मजुरीसकट एका चांगल्या पंख्याच्या किमतीत होतो. घरकुलाचे छप्पर त्याच्या निम्म्याने. चार, गच्चीवरच्या, बाजू मोकळ्या असलेल्या शेडकडे वाढीव बांधकाम म्हणून न पाहता छपराची सावली म्हणून पाहावे आणि जखडणी मजबूत असावी एवढाच आग्रह धरावा.

या चारही गोष्टींना वेळेचे भान हवे. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय आला, तर ऊन डोक्यावर आलेले असेल आणि ठराव पुढच्या वर्षासाठीच होईल. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तो घेतला, तर होळीच्या आधी चुना लागू शकतो. दर ठरवणारे मुंबईत आहेत, संहिता करणारे दिल्लीत आहेत. छपरे मात्र वरशातली आहेत आणि ज्यांचा त्यावर हक्क आहे व ज्यांचे त्याखाली बिल येते, ते दोघेही आपले मतदार आहेत. म्हणून येत्या 26 जानेवारीच्या विषयपत्रिकेवर ‘छपरांची उष्णता’ हा विषय घ्यावा आणि वर मागितलेल्या चारपैकी पहिल्या दोन निर्णयांचा ठराव त्याच सभेत मताला टाकावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वीजग्राहक व ग्रामसभेचा सदस्य